एकोणचाळीस मिनिटं

आपल्या मंडळाचा कार्यक्रम पत्रिकेत चारचा छापला की तो साडेचारला सुरू होतो, आणि हॉलची किल्ली घेऊन बसलेले हाउसमाइस्टर काका पावणेचारपासून घड्याळाकडे बघत असतात. मग आपणच हसून सांगतो, की आमचा आय.एस.टी. म्हणजे 'इंडियन स्ट्रेचेबल टाइम'! हा विनोद मीही पुष्कळदा केला आहे. गेल्या हिवाळ्यात मात्र या आय.एस.टी.च्या इतिहासात मी जरा खोलात शिरलो. निमित्त झालं एका ई-मेलचं.

मी एश्बॉर्नमध्ये राहतो आणि बँकांच्या सॉफ्टवेअर प्रकल्पांवर सल्लागार म्हणून काम करतो. ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फ्रँकफुर्टला अगदी खेटून वायव्येला आहे, एस-बानने पंधरा-वीस मिनिटं. वस्ती वीस-बावीस हजारांची, पण रोज सकाळी नोकरीला येणारे त्याहून जास्त. सकाळी साडेआठला एश्बॉर्न-स्यूड स्टेशनवर उभं राहिलं की आपलं चर्चगेट आठवतं, फक्त धक्काबुक्की नाही.

आमच्या प्रकल्पाची अर्धी टीम पुण्यात, हिंजवडीला आहे. रोजचा कॉल दुपारी साडेतीनला असे, म्हणजे पुण्यात संध्याकाळी सात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे गेली आणि भारताशी साडेतीन तासांचं असलेलं अंतर साडेचार तासांचं झालं. सोमवारी पुण्याच्या एका सहकारी मैत्रिणीचा मेल आला. "दादा, तुमचे साडेतीन तेच राहिले, आमचे सातचे आठ झाले. आठची कॅब सुटते, पुढची साडेनऊला. हडपसरला पोचेपर्यंत मुलगा झोपलेला असतो." मी दोन ओळींत उत्तर पाठवलं: मीटिंगची वेळ बदललेली नाही, प्लीज ॲडजस्ट. माझ्या कॉम्प्युटरवर ते खरंच होतं. मीटिंग साडेतीनलाच होती.

त्या रविवारी डोंबिवलीला फोन केला तेव्हा बाबांना हे गमतीत सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुझे आजोबा मुंबईत आले तेव्हा तिथेही दोन वेळा होत्या. सरकारची एक आणि म्युनिसिपालिटीची एक." आजोबा १९४८ साली रत्नागिरी जिल्ह्यातून लालबागला आले आणि गिरणीत साचेखात्यात लागले, एवढं मला माहीत होतं. हे दोन वेळांचं प्रकरण मात्र नवीन होतं. त्या रात्री मी शोधायला बसलो आणि मग बरेच शनिवार-रविवार त्यातच गेले.

पूर्वी प्रत्येक गावाची वेळ आपापल्या सूर्यावर चालायची. सूर्य डोक्यावर आला की बारा. मुंबईचे बारा वाजत तेव्हा मद्रासला साडेबारा झालेले असत. बैलगाडीच्या काळात यानं कुणाचं अडत नव्हतं. रेल्वे आली आणि अडायला लागलं. भारतातल्या रेल्वेनं सगळीकडे मद्रासची वेळ धरली, कारण ती मुंबई आणि कलकत्त्याच्या साधारण मधली होती. म्हणजे बोरीबंदरला गाडी मद्रासच्या वेळेनं सुटायची आणि बाहेर शहर मुंबईच्या वेळेनं चालायचं. लोकांना ते अंगवळणी पडलं होतं.

१८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन (पुण्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच) यांनी मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावली. शहर चिडलं. वर्तमानपत्रांनी विरोध केला. युनिव्हर्सिटीनं राजाबाई टॉवरच्या घड्याळात मुंबईचीच वेळ ठेवायची असं ठरवलं, तेव्हा सरकारनं त्या घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च द्यायला नकार दिला! अख्ख्या ब्रिटिश साम्राज्याचा कारभार बघणारे लोक एका घड्याळाच्या दिव्यावर रुसून बसले होते. १८८३ मध्ये शेवटी सरकारनंच माघार घेतली.

हा झाला शिकल्या-सवरल्या लोकांचा वाद. गिरणगावात वेळेचा प्रश्न वेगळा होता. तिथे कामगाराकडे घड्याळ नव्हतंच. गिरणी सूर्योदयाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हायची, म्हणजे हिवाळ्यात अकरा तास आणि उन्हाळ्यात तेराच्या वर. कामाचा दिवस पंचांगावर ठरत होता म्हणा ना. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. १८८१ चा पहिला फॅक्टरी ॲक्ट होता, पण त्याचं संरक्षण फक्त लहान मुलांना, आणि 'लहान मूल' म्हणजे सात ते बारा वर्षांचं. त्यांना दिवसाला नऊ तास काम. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, त्यामुळे ही ओळ मी दोनदा वाचली.

इथे नारायण मेघाजी लोखंडे येतात. १८४८ चा जन्म, जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. स्वतः गिरणीत नोकरी केलेला माणूस. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी परळला कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातल्या मागण्या अशा: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि अपघात झाला तर भरपाई. यातली शेवटची सोडली तर बाकी सगळ्या मागण्या वेळेच्या आहेत! पगारवाढीच्या आधी या माणसानं वेळ मागितली. सूर्यास्ताची मर्यादा तर मला फार हुशारीची वाटते. घड्याळ मालकाच्या भिंतीवर असतं, सूर्य मात्र कामगाराला खिडकीतून स्वतः बघता येतो.

त्यानंतर सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्रियाही तिथे बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि बायकांसाठी अकरा तासांची मर्यादा आली. पुरुषांच्या तासांना मात्र १९११ पर्यंत काहीच मर्यादा नव्हती, आणि तेव्हा ठरले ते बारा तास. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या प्लेगमध्ये गेले. आपण इथे रविवारी दुकानं बंद म्हणून कुरकुरतो तेव्हा मला आता त्यांची आठवण येते.

साधारण त्याच वर्षांत, म्हणजे १८८० च्या दशकात, तिकडे फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात फ्रेडरिक टेलर नावाचा इंजिनियर स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या हालचाली मोजत होता. मॅनेजमेंटच्या पुस्तकात वेळेचा धडा त्याच्यापासून सुरू होतो. जर्मनीत १९२४ साली कामाच्या वेळा मोजण्यासाठी 'रेफा' नावाची संस्थाच निघाली. आमच्या प्रकल्पात एखाद्या कामाला किती तास लागतील याचे जे अंदाज आम्ही एक्सेलमध्ये भरतो, त्यांचे पणजोबा हेच. परळच्या सभेचं नाव त्या धड्यात नसतं. तिथे कुणी काही मोजलं नव्हतं, मोजलेल्या वेळेवर हक्क कुणाचा एवढंच विचारलं होतं.

आता येतात ती एकोणचाळीस मिनिटं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्त निरुपयोगी झाला. १९०५ मध्ये कापडाला मागणी जोरात होती, काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालायला लागल्या आणि त्याविरुद्ध कामगारांत असंतोष होताच. त्यात १ जानेवारी १९०६ पासून सरकारनं सगळ्या हिंदुस्थानसाठी एक वेळ लागू केली, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. हाच आपला आय.एस.टी. मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे होती. म्हणजे मुंबईची घड्याळं एका रात्रीत एकोणचाळीस मिनिटं पुढे करायची.

कागदावर यात काहीच नाही. पण हिशेब करून बघा. जानेवारीच्या सुरुवातीला मुंबईचा सूर्य जुन्या वेळेनं साडेसहाच्या सुमारास उगवतो, नव्या वेळेनं सात-बाराला. गिरणीचा भोंगा सहाला व्हायचा असेल तर जुन्या वेळेनं तो उजाडायच्या अर्धा तास आधी होणार, नव्या वेळेनं तासाहून जास्त आधी. भोंग्याच्या आधी उठून चूल पेटवून भाकऱ्या थापणाऱ्या बाईची रात्र आणखी एकोणचाळीस मिनिटांनी कापली जाणार. आणि संध्याकाळी नवं घड्याळ बघून खरंच लवकर सोडतील याचा भरवसा काय? आधीच्या वर्षी दिव्याच्या उजेडात राबून झालं होतं. त्या जानेवारीत काही हजार गिरणीकामगारांनी काम नाकारलं आणि गिरण्यांवर दगडफेक केली. पुस्तकात ही गोष्ट दोन-चार वाक्यांत उरकलेली असते, जणू अडाणी लोकांना प्रमाणवेळ कळली नाही. मला वाटतं त्यांना ती अगदी बरोबर कळली होती.

शहराच्या पुढाऱ्यांनीही विरोध केला, पण त्यांची कारणं वेगळी होती. बंगालची फाळणी होऊन तीनच महिने झाले होते, स्वदेशीचं वारं होतं, आणि वरून लादलेलं काहीही नको होतं. म्युनिसिपालिटीनं थोडे दिवस नवी वेळ पाळली आणि १९०६ मध्येच पुन्हा मुंबईच्या वेळेवर गेली. मग ती तब्बल १९५५ पर्यंत तिथेच राहिली! कलकत्त्यानं १९४८ मध्ये आपली वेळ सोडली, स्वराज्य मिळून आठ वर्षं झाली, तरी मुंबईची म्युनिसिपालिटी एकोणचाळीस मिनिटं मागेच. लढाईच्या काळात, १९४२ ते ४५, सरकारनं आपली वेळ आणखी एक तास पुढे नेली होती. त्या दिवसांत कुणी भेटायला 'पाचला या' म्हणालं तर काय समजत असतील कोण जाणे.

आजोबांनी ही शेवटची सात वर्षं पाहिली. बाबा सांगतात की आजोबांना यातलं कुठलंच घड्याळ लागत नव्हतं, त्यांचं घड्याळ म्हणजे भोंगा. चाळीच्या एका खोलीत गावची दहा-बारा माणसं, पहिल्या पाळीचे उठून गेले की रात्रपाळीचे त्याच वळकटीवर पाठ टेकणार. जेवण खाणावळीत, तेही पाळीप्रमाणे. गैरहजेरी म्हणजे खाडा. आजोबांच्या आधीच्या पिढीत काही गिरण्यांत 'डबल खाडा' होता, एक दिवस चुकला की दोन दिवसांचा पगार कापायचा. १९२८ साली तर सुमारे दीड लाख कामगारांनी एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने संप केला. त्यात पगाराचा प्रश्न होता, तसाच दोनऐवजी तीन साचे बघण्याचाही. मालक त्याला 'एफिशियन्सी' म्हणत होते. त्याच तासांत दीडपट काम, असं साचेवाले म्हणत होते.

जानेवारी १९८२ मध्ये शेवटचा मोठा संप झाला आणि आजोबांची गिरणी पुन्हा धड सुरू झालीच नाही. ते घरी बसले. पण पुढे कित्येक वर्षं ते भोंग्याच्या वेळेला टक्क जागे व्हायचे, उठून बसायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. आजी म्हणायची, "आता कोण बोलावतंय तुम्हाला?"

याला जर्मनीत एक शब्द आहे. युर्गेन आशॉफ नावाच्या शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात बव्हेरियात आंडेक्स इथे जमिनीखालच्या खोल्यांत माणसांना घड्याळाशिवाय आणि उजेडाच्या खुणेशिवाय काही आठवडे ठेवलं. त्यांचा 'दिवस' चोवीस तासांहून थोडा लांबायला लागला. शरीराला स्वतःचं घड्याळ आहे, पण ते रोज लावून देणारं बाहेर कुणीतरी लागतं, म्हणजे मुख्यतः सूर्य. आशॉफनं त्याला नाव दिलं त्साइटगेबर, शब्दशः 'वेळ देणारा'. पुढे मॅनेजमेंटच्या संशोधकांनी हा शब्द उचलला. कारखाने, हॉस्पिटलं, बँका यांचीही लय असते आणि बाहेरचा एखादा त्साइटगेबर ती लावून देतो: तिमाहीचे आकडे, बाजाराची घंटा, मोठं गिऱ्हाईक. इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांचा घड्याळ आणि कारखान्याच्या शिस्तीवरचा गाजलेला लेख १९६७ चा, आणि अमेरिकेतल्या मॅनेजमेंटच्या एका आघाडीच्या संशोधनपत्रिकेनं वेळेवर खास अंक काढला २००१ साली. तोपर्यंत बहुतेक अभ्यासांत वेळ ही आलेखाखालची आडवी रेघ होती. कामगारांना जे १९०६ मध्ये समजलं त्यावर अंक निघायला पंचाण्णव वर्षं लागली. (यावर आमच्या ऑफिसमधला एक पीएचडी मित्र रागावला. त्याचं म्हणणं, दगड मारणं आणि सिद्धांत मांडणं यात फरक आहे. असेल.)

जर्मनीतही हा गोंधळ होताच बरं का. १८९१ च्या मार्चमध्ये म्हाताऱ्या फील्डमार्शल मोल्टकेनं राइशटागमध्ये सांगितलं की आपल्या रेल्वेत पाच वेळा चालतात: बर्लिन, म्युनिक, स्टुटगार्ट, कार्ल्सरुह आणि लुडविग्सहाफेन. त्याला सैन्य हलवायची चिंता होती. कारखानदारांनी हरकत घेतली होती की पश्चिमेकडे कामगार अंधारात येतील. त्यावर त्याचं उत्तर असं होतं, की मग कारखाने थोडे उशिरा सुरू करा. साधं उत्तर, आणि मुंबईत ते कुणाला सुचलं नाही, किंवा सोयीचं नव्हतं. १ एप्रिल १८९३ पासून इथे एकच वेळ आली, पंधराव्या रेखांशाची, जो पार पूर्वेला ग्योर्लिट्झवरून जातो. एश्बॉर्न त्याच्या बऱ्याच पश्चिमेला आहे. म्हणजे आपलं हिवाळ्यातलं घड्याळ इथल्या सूर्याच्या जवळजवळ सव्वीस मिनिटं पुढे चालतं. मुंबईत एकोणचाळीस, इथे सव्वीस. मी जन्मात कधी स्वतःच्या सूर्यावर जगलेलोच नाही!

आपल्या घरातली रेडिओवर चालणारी भिंतीवरची घड्याळं आहेत ना, त्यांना वेळ मिळते ती माइनफ्लिंगेनच्या ट्रान्समीटरवरून, फ्रँकफुर्टच्या आग्नेयेला, इथून फार लांब नाही. १९५९ पासून तो वेळ पाठवतोय. आणि एश्बॉर्नमध्ये २०१० पासून डॉइश बोर्सचं मुख्यालय आहे. २०१८ पासूनच्या युरोपियन नियमानुसार अतिवेगवान शेअर व्यवहारांची घड्याळं प्रमाणवेळेपासून शंभर मायक्रोसेकंदांहून जास्त चुकून चालत नाहीत. इतक्या बारीक वेळेची काळजी घेणाऱ्या गावात बसून मी पुण्याचा एक अख्खा तास 'बदललेला नाही' असं लिहून पाठवलं होतं.

जर्मन लोकांना या विषयाचं वावडं आहे असंही नाही. कामावर यायची-जायची वेळ आपापली ठरवायची, ही ग्लाइटत्साइटची पद्धत १९६७ मध्ये म्युनिकजवळ ओटोब्रुनला एका विमान कंपनीत सुरू झाली, सकाळच्या ट्रॅफिकमुळे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये एरफुर्टच्या सर्वोच्च कामगार न्यायालयानं सांगितलं की कामाचे तास नोंदवण्याची व्यवस्था ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे, आणि ते कामगाराच्या संरक्षणासाठी. माझ्या जर्मन सहकाऱ्यांचा मिनिटामिनिटाचा हिशेब असतो. पुण्याच्या टीमच्या संध्याकाळचा हिशेब कुठल्याच तक्त्यात नव्हता, आणि तो तक्ता मीच बनवला होता.

मी त्या मैत्रिणीला फोन केला आणि माफी मागितली. ती म्हणाली, "अहो दादा, चालतं, सवय आहे." ते ऐकून जास्तच वाईट वाटलं. मग गिऱ्हाईकाशी बोललो. तीन आठवडे गेले. दुपारची वेळच सगळ्यांच्या सोयीची आहे असं मला सांगण्यात आलं, 'सगळ्यांच्या' म्हणजे बैठकीत हजर असलेल्या सगळ्यांच्या. माझं कंत्राट वाढवून मिळायचं होतं, त्यामुळे मीही दोनदा गप्प बसलो, हे कबूल करतो. शेवटी डिसेंबरमध्ये कॉल सकाळी साडेअकराला आला, पुण्याच्या दुपारी चारला. त्याच दिवशी मी आउटलुकमध्ये त्या मीटिंगचा टाइमझोन बर्लिनचा काढून कोलकात्याचा टाकला. म्हणजे आता घड्याळं हलली की पुण्याचे चार चारच राहणार, हलायचं ते आपण.

मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुढे गेली आणि सोमवारी साडेअकराची मीटिंग सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये आपोआप साडेबाराला जाऊन बसली, बरोब्बर कँटीनच्या वेळेला. पहिला फोन बाराच्या आत आला. जेवणाच्या वेळेला इथे लोक एकमेकांना 'माल्त्साइट' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'जेवणवेळ', आणि त्या दिवशी तो शब्द माझ्याकडे बघून जरा वेगळ्याच सुरात म्हटला गेला. मी सांगितलं की वेळ बदललेली नाही, अजूनही चारच आहेत. तो दोन सेकंद थांबला आणि म्हणाला, "हां, पुण्यात." उन्हाळ्यापुरती पुण्याची मंडळी अर्धा तास आधी बसायला तयार झाली आणि इथे जेवण अर्धा तास पुढे गेलं. येत्या हिवाळ्याचं अजून ठरायचं आहे. दोन्हीकडच्या लोकांना मेल गेलेला आहे, आणि या वेळी त्यात दोन्ही गावांच्या वेळा लिहिल्या आहेत.